राखणे, जपणे, सांभाळणे

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त भाट्ये, रत्नागिरी येथे झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल २६ फेब्रुवारी, स्वातंत्र्यवीर सावरकरांचा आत्मार्पण दिन. आज २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिन, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. हे दोन दिवस लागून येतात हा योगायोग खरा. परंतु भाट्ये गावी उभे राहून बोलताना त्याची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. काजळी नदीच्या मुखाशी असलेल्या या खाडीच्या पलीकडे रत्नागिरी शहर आहे. तेथे १९२४ ते १९३७ या काळात सावरकर स्थानबद्ध होते आणि तेथूनच त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली.

संयोजकांनी 'मराठीचे भवितव्य' या विषयावर बोलण्यास सुचवले होते. मी त्यांना म्हटले, भवितव्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी वृत्तपत्राच्या टेबलावर आयुष्य काढलेला मनुष्य आहे. मी एका शब्दावर बोलतो. तो शब्द म्हणजे 'सुरक्षित'.

हा शब्द माझ्या मनात का रुतून बसला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी वादळी वाऱ्यात सापडलेली एक मच्छीमार नौका दोन दिवसांनी किनाऱ्याला लागली. मी बातमी लिहिली आणि मोठ्या समाधानाने मथळा दिला, 'नौका किनाऱ्याला. सर्व खलाशी सुरक्षित.' दुसऱ्या दिवशी बंदरावर एका वयोवृद्ध तांडेलाची गाठ पडली. त्यांनी अंक हातात धरून मला विचारले, "सुरक्षित म्हणजे काय हो साहेब? कोणी कुलपात ठेवलंय का त्यांना? पोरं सुखरूप आली, असं लिहा की."

मी हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर त्या दिवशीचे वर्तमानपत्र पुढे घेऊन बसलो. सुरक्षित प्रवास, सुरक्षित अन्न, सुरक्षित गुंतवणूक, सुरक्षित मातृत्व, सुरक्षित अंतर, सुरक्षित पासवर्ड, सुरक्षित शहर. अपघातातून वाचलेला प्रवासी सुरक्षित, संग्रहालयातील मूर्ती सुरक्षित आणि बँकेतील पैसाही सुरक्षित. शब्द वाईट नाही. 'रक्ष्' या धातूपासून आलेला, 'सु' हा मंगल उपसर्ग लागलेला, कुळाचा शुद्ध असा शब्द आहे. पण एका माणसाने साऱ्या गावाची कामे अंगावर घ्यावी आणि गावाने आपापली अवजारे गंजत टाकावी, तसे काहीसे झाले आहे. ती गंजत पडलेली अवजारे कोणती, हे आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

सुखरूप आणि क्षेम

तांडेलांनी सुचवलेल्या शब्दापासूनच आरंभ करू. 'सुरक्षित' हा शब्द धोक्याकडे पाहून बोलतो. धोका टळला, एवढेच तो सांगतो. 'सुखरूप' हा शब्द माणसाकडे पाहून बोलतो. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटून राजगडावर पोचले. जिजाऊंच्या दृष्टीने ते 'सुरक्षित स्थळी दाखल' झाले नव्हते, ते सुखरूप परत आले होते. ज्याची कोणी वाट पाहत असते त्याच्याविषयीच हा शब्द वापरावा, असा मराठीचा संकेत आहे. कोणी सोन्याची पेटी सुखरूप आली असे म्हणत नाही. म्हटलेच तर थट्टेने म्हणतो.

याच्या शेजारी 'सहीसलामत', 'खुशाल', 'धडधाकट', 'शाबूत' बसतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. सहीसलामत सुटतो तो अडचणीतून. खुशाल असतो तो आपल्या घरी. धडधाकट हे शरीरापुरते. आणि शाबूत म्हणजे मोडतोड न झालेले. हातपाय शाबूत, भिंत शाबूत, आणि वय झाले तरी बुद्धी शाबूत. संस्कृतातील 'अक्षत' हा त्याचाच भाऊबंद. ज्याला क्षत, म्हणजे जखम नाही, ते अक्षत. रोजच्या पूजेत आणि लग्नाच्या मांडवात आपण न तुटलेले तांदूळ हाती घेतो, त्यांचे नाव हेच. वधूवरांच्या मस्तकावर आपण एका परीने हीच इच्छा टाकत असतो की, यांचा संसार न तुटलेला राहो.

या सर्वांत मला थोर वाटणारा शब्द 'क्षेम'. 'योगक्षेम' या जोडशब्दाचा अर्थ आचार्यांनी फार नेटका सांगितला आहे. जे मिळालेले नाही ते मिळणे म्हणजे योग, आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण म्हणजे क्षेम. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून घेतले, ते याच शब्दाचे. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची पत्रे आठवा. इकडील सर्व क्षेम, आपले क्षेमकुशल कळवावे, हा त्यांचा रिवाज. मुंबईला निघालेल्या चाकरमान्याने पोचल्याचे कार्ड टाकायचे आणि ते येईपर्यंत घरातल्या माउलीने पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावायचे, हा कोकणातल्या घरोघरचा अनुभव आहे. तातडीच्या कामी तार होती. १५ जुलै २०१३ला ती सेवाही बंद झाली. आता पोचल्याबरोबर मोबाईलवर अंगठ्याचे चित्र उमटते. सोय झाली, हे कोणी नाकारणार नाही. पण अंगठ्याच्या चित्रात क्षेम विचारण्याची जागा नाही, हेही तितकेच खरे.

राखण आणि राखणदार

आता 'राखणे'. हा शब्दही 'रक्ष्' धातूचाच वंशज, पण तो शेताच्या बांधावर वाढला. 'सुरक्षित' हे विशेषण आहे. कोण रक्षण करतो, ते त्यात सांगावे लागत नाही. 'राखणे' हे क्रियापद आहे, त्याला कर्ता लागतो. कोणीतरी जागे असावे लागते. म्हणून तर डोळ्यांत तेल घालून राखण करायची असते.

आपल्याकडे हापूसच्या हंगामात बागांतून राखण बसते. चोरांपासून आणि वानरांपासून फळ राखण्यासाठी नेपाळहून आलेले राखणदार झोपडी करून महिनोन्महिने राहतात. भाताच्या खाचरात माळा बांधून राखण होते. गावाच्या सीमेवर तर अदृश्य राखणदार आहे. वाडीचा राखणदार, त्याला वर्षाकाठी द्यायची राखण, त्याच्यापुढे घालायचे गाऱ्हाणे, हे सारे आपण जाणता. श्रद्धेच्या बाबतीत ज्याचे त्याने ठरवावे. पण गावाच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की जे राखायचे त्याला कोणीतरी जबाबदार असला पाहिजे.

याच भावनेतून देवरहाटी राहिल्या. तेथील झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही, एवढाच नियम, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी काय राखले आहे, हे शिकलेल्या जगाला समजले. सरकारी मराठीतसुद्धा या कुळातील शब्दांचे भेद आहेत. १९२७च्या वन अधिनियमात 'राखीव वन' वेगळे आणि 'संरक्षित वन' वेगळे. राखीव वनात जेवढ्याला परवानगी आहे तेवढेच करता येते. संरक्षित वनात ज्याला मनाई आहे तेवढे वगळून बाकीचे चालते. दोन्हींना 'सुरक्षित जंगल' म्हटले, तर वनरक्षकही गोंधळून जाईल.

गड राखण्याची शिवकालीन रीतही पाहा. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत आणि कोणा एकाच्या हाती सर्व सत्ता नसे. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही योजना. 'हवालदार' या शब्दातच 'हवाली केलेले' आहे. आपल्या लोकांना माणसाचा स्वभावही ठाऊक होता. म्हणून 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आली आणि कुंपणच शेत खाऊ लागल्याची तक्रारही आली. राखणाऱ्यावर कोण राखण ठेवणार, हा प्रश्न म्हणींनी आधीच विचारून ठेवला आहे.

बेगमी

येथे बसलेल्या भगिनींना पुढचा भाग माझ्याहून अधिक चांगला माहीत आहे. मे महिना लागला की कोकणातले प्रत्येक घर कामाला लागते. आमसुले उन्हात पडतात, आगळ बाटल्यांत भरले जाते, फणसपोळी आणि आंब्याची साठे वाळतात, गरे खारात पडतात, सांडगी मिरच्या भरल्या जातात. अंगणात उडवी रचायची, सरपण आणि सोडणे पडवीत आणायची, कौले शाकारायची. दर्यावर जाणाऱ्या घरांतून मासळी खारवून सुकवायची, कारण १ जून ते ३१ जुलै होड्या समुद्रात जायच्या नाहीत. या सगळ्याला मराठीत एक शब्द आहे, पावसाळ्याची बेगमी.

'बेगमी' हा शब्द फारसीतून आला. बे-गम, म्हणजे ज्याला चिंता नाही अशी स्थिती. चिंता नसणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठी गृहिणीने त्याला कष्टाची जोड दिली. आधी राबावे, साठवावे, म्हणजे पुढे चिंता नाही, असा तो आज आपल्याकडे नांदतो. 'निर्धास्त' हा असाच शब्द. 'निर्' आपला, 'धास्त' बाहेरून आलेली. 'बिनघोर' हा आणखी एक. हे तीनही शब्द पुढच्या दिवसांकडे पाहतात. रसद भरलेली आहे, आता पाऊस कितीही कोसळो.

ठेवण्याच्या जागांची नावे पाहा. भाताला कणगी, बियाण्याला मुडा, लोणच्याला बरणी, दुधादह्याला शिंके, आंब्याला आढी. घाटावर गेलात तर जमिनीत पेव आणि भिंतीत बळद. कडधान्याला राख चोळून ठेवत, म्हणजे कीड लागत नसे. मराठीत 'रक्षा' म्हणजे रक्षण आणि 'रक्षा' म्हणजे राखही. पावट्याच्या दाण्याला राख चोळणाऱ्या आजीला या दोन अर्थांत फारसे अंतर वाटले नसते.

ठेव

पुढचा शब्द 'ठेव'. आज आपल्याला मुदत ठेव आठवते, पण ठेवीची कल्पना फार जुनी आहे. धर्मशास्त्रात न्यायासनापुढे येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. मनुस्मृतीच्या यादीत ऋणादानाच्या मागोमाग निक्षेप येतो. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू. आत काय आहे ते न सांगता मोहोरबंद करून दिली, तर तिला याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधी म्हटले आहे. ती कशी परत करायची, चोराने नेली तर काय, ठेवून घेणाऱ्याने स्वतःच वापरली तर दंड काय, या सर्वांचा विचार तेथे आहे. म्हणजे ठेव ही वस्तूपेक्षा नात्याची गोष्ट होती.

आग्र्याहून निसटताना महाराजांनी लहानग्या शंभूराजांना मथुरेत एका विश्वासू कुटुंबाकडे ठेवले आणि ते पुढे आपल्या पित्याकडे सुखरूप पोचले. ठेवीचे याहून मोठे उदाहरण मला सांगता येणार नाही. त्या कुटुंबाकडे ना पहारा होता, ना तट. दिलेला शब्द तेवढा होता.

अरबी 'अमानत' मराठीत येताना अक्षरे बदलून 'अनामत' झाली. वसतिगृहाला भरतो ती अनामत रक्कम. 'न्यास' आणि 'विश्वस्त' हे शब्दही याच अर्थाच्या प्रदेशातले. आपल्या संस्था, देवस्थाने, शाळा विश्वस्तांच्या हाती असतात. विश्वस्त हा मालक नव्हे, एवढी एक गोष्ट त्या शब्दाने आपल्याला शिकवली असती, तर कितीतरी भांडणे कोर्टात गेली नसती. बँकांच्या बाबतीतही तसेच. ४ फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या ठेवींना असलेले विम्याचे संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. तेवढ्यापुरते आपण सुरक्षित आहोत. त्यापलीकडचा पैसा 'ठेव' या शब्दावर, म्हणजे बँक चालवणाऱ्यांच्या सचोटीवर उभा आहे. जाहिरातीत मात्र सगळेच सुरक्षित असते.

कॅमेरा आणि राखण

आता थोडे घरचे सांगतो. व्यासपीठावरून घरचे सांगू नये, असा दंडक मी आजवर पाळला. पण शब्दांचा हिशेब मांडायचा तर खर्चाची बाजूही दाखवली पाहिजे.

आमचे मूळ घर याच जिल्ह्यात. वडील गेल्यावर आई तेथे एकटी राहू लागली. आम्ही भावंडे पुण्या-मुंबईला. आईला शहरात करमेना. घर, गोठा, तुळस सोडून ती येईना. मग आम्ही भावंडांनी मिळून तिची व्यवस्था केली. खिडक्यांना लोखंडी गज बसवले, दाराला नवे कुलूप आणले, पडवीत आणि अंगणात कॅमेरे लावले. पुण्यात बसून मोबाईलवर अंगण दिसे. कोणी विचारले की मी सांगत असे, आई अगदी सुरक्षित आहे. त्यात खोटे काहीच नव्हते.

गणपतीला घरी गेलो तेव्हा आई त्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "हा तुझा डोळा नुसता बघतो रे. राखत नाही."

मी ते हसण्यावारी नेले. पुढच्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला. कॅमेऱ्याने ते सारे टिपले. पण त्या वेळी आमच्यापैकी कोणीही पाहत नव्हते. मी कचेरीत अंकाची पाने लावत होतो. दीड तासाने शेजारच्या वहिनी दिवेलागणीला नेहमीप्रमाणे डोकावल्या आणि त्यांनी तिला उचलले. वहिनींना कोणी काम सांगितले नव्हते की पगार दिला नव्हता. रोज सांजवेळी दोन घटका येऊन बसायचे, एवढा त्यांचा परिपाठ. आईला त्यांनी राखले होते, आणि मी फक्त सुरक्षित ठेवले होते.

आई त्यातून उठली, हिंडूफिरू लागली. पण मी त्या दिवसापासून 'सुरक्षित' हा शब्द लिहिताना थांबतो. या शब्दाने मला माझ्या कर्तव्यातून किती सहज मोकळे केले होते, हे मला त्या दीड तासाने दाखवले. मी स्वतःला 'आईला सांभाळतो का?' असा प्रश्न विचारला असता, तर उत्तर देताना जीभ अडखळली असती. 'आई सुरक्षित आहे का?' या प्रश्नाला मात्र मी तत्काळ होकार देत होतो.

कारण 'सांभाळणे' या शब्दात ओझे आहे. लेकरू सांभाळावे लागते, म्हातारी माणसे सांभाळावी लागतात, तोल सांभाळावा लागतो, शब्दही सांभाळून वापरावा लागतो. 'जपणे' या शब्दात जिव्हाळा आहे. आपण तळहाताच्या फोडाप्रमाणे जपतो, जिवापाड जपतो. जप करणारा जसा मणी सोडत नाही, तसे जपणाऱ्याचे लक्ष ढळत नाही. हे शब्द उच्चारताच काहीतरी करावे लागते.

बंद घरांचे काय, हाही प्रश्न आहेच. कोकणात वाडीच्या वाडीत कुलपे लागलेली दिसतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हा वाटले होते की माणसे परत येतील. ती येतात, गणपतीला आणि शिमग्याला. उरलेले दिवस घर कुलपात असते. घर सुरक्षित आहे, असे आपण म्हणतो. पण शाकारणी नाही, सारवण नाही, दिवा नाही. राखणीवाचून घर किती पावसाळे काढील, हे आपणच ठरवावे.

शुद्ध शब्द, उसनी सवय

आता पुन्हा खाडीपलीकडे जाऊ. सावरकरांच्या भाषाशुद्धीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. परका शब्द दिसला की हाकला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. जी वस्तू आपल्याकडे नव्हतीच, तिच्यासोबत आलेल्या नावाला त्यांची हरकत नव्हती. आपला चालता-बोलता शब्द घरात असताना त्याला बाजूला सारून परका शब्द त्याच्या आसनावर बसू लागला, तर त्याला त्यांचा विरोध होता. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी अशा शब्दांचे श्रेय आपण त्यांना देतो. त्यांच्याही आधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. दहा वर्ग करून सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव ज्युलियनांनी तर १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथ लिहिला. परक्या शब्दांची ओळख ज्यांना सर्वांत अधिक, त्यांनीच शुद्धीचा पुरस्कार करावा, यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

मग मी आज बेगमी, शाबूत, निर्धास्त यांची स्तुती कशी करतो, असे कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. माझे उत्तर असे. हे शब्द आले तेव्हा परके होते, पण शतकानुशतके मराठी चुलीपाशी राबून त्यांनी मराठी अर्थ कमावला. शिवाय आपल्या कोणत्याही शब्दाला त्यांनी आज हुसकलेले नाही. आज आपले शब्द हुसकले जात आहेत ते एका अस्सल संस्कृत शब्दाकडून. इंग्रजीत 'सेफ' आले की आम्ही टेबलावर बसून डोळे मिटून 'सुरक्षित' लिहितो. शब्द आपला, सवय मात्र भाषांतराची. म्हणजे शुद्धीची कसोटी आता शब्दाच्या कुळालाच लावून भागणार नाही, ती आपल्या विचारालाही लावावी लागेल. सावरकरांच्या सूत्राचा गाभा, म्हणजे घरातला जिवंत शब्द हुसकू नका, हा जर आपण मानत असू, तर 'सुखरूप'च्या आसनावर बसलेल्या 'सुरक्षित'लाही आपण नम्रपणे सांगितले पाहिजे की, महाराज, आपली जागा पलीकडे आहे.

ही चूक ज्यांनी सर्वांत अधिक केली त्या पत्रकारांच्या रांगेत मी स्वतः उभा आहे. दोष कोणा एका संस्थेचा नाही. घाई आम्हा सर्वांचीच.

जतन

शेवटचा शब्द 'जतन'. हा 'यत्न' या शब्दापासून आला. म्हणजे आपल्या भाषेच्या मते जतन हा ठेवण्याचा प्रकार नाही, तो करण्याचा प्रकार आहे. प्रयत्न थांबला की जतन संपले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सर्वांनी पेढे वाटले. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दर्जा मिळाला म्हणून मराठी सुरक्षित झाली, असे जर आपण मानले, तर माझ्या अंगणातल्या कॅमेऱ्यासारखे होईल. मोल्सवर्थचा कोश आहे. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. आज मी सांगितलेले बहुतेक शब्द तेथे सापडतील. कोशकारांचे ऋण मोठे आहे. पण कोशात आहे म्हणून शब्द जगतो, असे नाही.

याचा दृष्टान्त मला आपल्याच गावात मिळाला. येथे १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अंतर्गत चालते. बाणवलीतून निवडलेली 'प्रताप' ही जात याच केंद्राची. भाताचे बी नीट वाळवून थंड जागी ठेवले तर कितीतरी वर्षे टिकते. नारळाचे तसे नाही. तो वाळवून डब्यात ठेवता येत नाही. शेंडी, सोडण, करवंटी अशी इतकी वेष्टने देवाने त्याला दिली, पण ती कायम मिटून राहण्यासाठी दिलेली नाहीत. योग्य जागी पडून रुजेपर्यंत आतला कोंब जगावा, एवढ्यासाठी दिली आहेत. म्हणून नारळाच्या जाती राखायच्या, तर त्या लावूनच राखाव्या लागतात. जातिवंत झाडे उभी करायची, त्यांना पाणी घालायचे, म्हातारी झाली की पुन्हा नवी लावायची.

शब्दांचे असेच आहे. ते नारळाच्या जातीचे आहेत. कोशाच्या कणगीत ते काही काळ राहतील, पण पुढच्या पिढीला हवे असतील तर मुलांच्या तोंडी लावावे लागतील. त्यासाठी मोठी योजना नको. मुलगा सहलीहून आला, तर 'सुखरूप आलास' म्हणा. धाकट्या मुलीला 'सेफ ठेव' न म्हणता 'जपून ठेव' म्हणा. वर्षभराचे धान्य भरताना 'बेगमी' हा शब्द घरात उच्चारला जाऊ दे. गावी फोन कराल तेव्हा क्षेमकुशल विचारा, आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ काढा. गावच्या घराची किल्ली कोणाकडे आहे, एवढेच न पाहता दिवा कोण लावतो, तेही पाहा.

आणि 'सुरक्षित' हा शब्द टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. बँकेच्या लॉकरला, विजेच्या तारेला, रेल्वेच्या फाटकाला तो शोभतो. त्याला त्याचे काम करू द्या. माणसांसाठी आपल्याकडे अधिक जवळचे शब्द आहेत.

मी येथून उद्या पुण्याला जाईन. जाताना वाटेत गावी थांबणार आहे. आईला विचारणार आहे की आणखी कोणते शब्द मी विसरलो. तिने सांगितलेले शब्द लिहून ठेवीन, आणि त्यातला निदान एक तरी त्याच दिवशी तिच्याशी बोलताना वापरीन.

 सर्वांनी सुखरूप घरी जावे.